संप सुटल्यावरची पहिली कॉफी: इंडियन कॉफी हाउस, तंपानूर

२८ आणि २९ मार्च २०२२ला केंद्रीय कामगार संघटनांचा देशव्यापी संप होता. आईची तपासणी नेमकी २९ला होती आणि ती तारीख हलवता येण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही दोघी नेत्रावती एक्सप्रेसने २८च्या संध्याकाळी तिरुवनंतपुरमला उतरलो. स्टेशनाबाहेर एक रिक्षा नाही. समोरच्या स्टँडवर बसचा आवाज नाही. दुकानांची शटरं खाली. इकडे संपाला पणिमुडक्कु म्हणतात. पणि म्हणजे काम. ते अडवलं की शहर कसं दिसतं, ते पाहिलं.

पायी गाठण्याजोग्या लॉजवर उतरलो. लॉजच्या मॅनेजरकाकांनी अडकलेल्या अकरा जणांसाठी स्वतः कंजी शिजवली, म्हणजे आपली पेजच, सोबत मूग आणि कैरीचं लोणचं. दोन्ही दिवस तेच, पण गरम आणि पोटभर. दवाखान्यात पोलिसांच्या गाडीने सोडलं. पेशंट बघितला की ते विचारत नव्हते, बसाच म्हणत होते.

३०ला उजाडताना रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. आई म्हणाली, "सुटला वाटतं." आंघोळी उरकून थेट कॉफी हाउसला गेलो.

स्टँडला लागूनच लाल विटांचा गोल बुरूज दिसतो, तेच. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधलेली इमारत. आत मजले नाहीतच. एकच चढती वाट मधल्या गोल गाभ्याभोवती गोल गोल वर जाते आणि बाहेरच्या भिंतीलगत सिमेंटची टेबलं-बाकडी बांधूनच काढलेली आहेत. जमीन उतरती, टेबल मात्र सपाट. कपातली कॉफी जराही कलत नाही. विटा सोडून ठेवलेल्या झरोक्यांतून उजेडाचे चौकोन आईच्या पदरावर पडले होते आणि वारा असा की पंख्याची आठवण येऊ नये. गुडघे दुखत असतील तर खालच्याच वळणावर बसा, आम्ही तेच केलं.

मसाला डोसा मागवला. भाजी लालबुंद, कारण बटाट्यात बीट असतं. आई आधी बिचकली, मग म्हणाली, गोडसर आहे पण लागतंय छान. मला कटलेट जास्त आवडलं. त्यातही बीटच, वरचं कवच कुरकुरीत, बाजूला उभा चिरलेला कांदा. कॉफी जाड कपात येते, दुधाची, दाट. पेज खाऊन काढलेल्या दोन दिवसांनंतर ती जिभेला लागली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले.

वाढणारे दादा पांढऱ्या गणवेशात, डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेली पगडी. मोडक्या हिंदीत मी त्यांना विचारलं, मालक कोण? त्यांनी हातातला ट्रे छातीशी धरला आणि म्हणाले, "हम लोग." ते खरंच आहे. सरकारी कॉफी बोर्डाने १९५०च्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी नोकरी गेलेल्या कामगारांना सहकारी सोसायट्या काढायला लावल्या. केरळातलं पहिलं कॉफी हाउस १९५८ला त्रिशूरमध्ये सुरू झालं. आजही कामगारच सभासद. हे कळल्यावर मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. घाई नाही, लाचारी नाही. आई सवयीने "दादा, अजून एक द्या" म्हणाली, आणि मराठी न कळताही दुसरी कॉफी आली.

तिरुवनंतपुरमला गेलात तर इथे जाच, आणि उठायची घाई करू नका.

माझा भाऊ एसटीत कंडक्टर. एसटीच्या राज्य सरकारमधल्या विलीनीकरणासाठी तोही नोव्हेंबरपासून संपावर होता. आईच्या तब्येतीची चौकशी करायला त्याचा फोन आला, तेव्हा बोलत बोलत मी दोन वळणं वर चढले. सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तिथल्या बस चालू झाल्या का गं?"

झरोक्यातून पाहिलं. स्टँडमधून एक लाल बस वळण घेत बाहेर पडत होती, दारात कंडक्टर उभा.

"झाल्या," म्हटलं.