डबल डाय ओळखण्यासाठी घेतलेले दहापट भिंग: वर्षभराच्या वापरानंतर

अमेरिकी सेंटमध्ये खरी डबल डाय नाणी, म्हणजे साच्यातच अक्षरे दुहेरी कोरली गेलेली नाणी, शोधणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. तीन काचांचे, दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग पुरते, असे न्यू जर्सीत वर्षभर ते वापरल्यावर मी ठामपणे म्हणू शकते. यापूर्वी मी 30 पट असे कोरलेले एक स्वस्त भिंग मागवले होते. तेवढ्या ताकदीच्या भिंगातून नाणे साधारण 8 मिलिमीटरवर स्पष्ट दिसायला हवे; पण ते दिसे जवळजवळ इंचभरावर, म्हणजे भिंग जेमतेम दहापटीचे होते आणि कोरलेला आकडा खोटा. शिवाय कडेच्या अक्षरांना रंगीत किनार दिसे, जी दुहेरी अक्षर शोधणाऱ्याला हमखास चकवते. नव्या भिंगात अक्षर कडेपर्यंत सरळ आणि स्वच्छ दिसते.

कसोटीसाठी मी 1995 चा एक प्रमाणित डबल डाय सेंट समोर ठेवला. त्या काळी साचा घडवताना त्यावर मूळ ठसा एकाहून अधिक वेळा दाबत. मधल्या वेळी तो किंचित सरकला, की दुहेरी अक्षर साच्यातच कोरले जाई आणि त्या साच्यातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर उतरे. भिंगाखाली नाण्यावरच्या ‘लिबर्टी’ या शब्दाची अक्षरे जाड दिसतात, त्यांच्या टोकांना बारीक फट पडलेली असते, आणि दोन्ही प्रतिमा गोलसर व उठावदार असतात. याउलट, नाणे पाडताना सैल साचा हलल्यामुळे होणाऱ्या मशीन डबलिंगमध्ये अक्षराच्या कडेला सपाट, चकचकीत पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट बारीक होते. आघाताने झालेल्या खुणेत धातू एका बाजूला रेटलेला असतो, खड्ड्यालगत उंचवटा येतो.

सर्वांत फसवे मात्र निराळेच आहे. 1982 मध्ये सेंट जस्ताचे होऊ लागले; त्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. नाणे पाडताना हा मुलामा अक्षराच्या पायथ्याशी फाटतो आणि आतले जस्त करड्या रेघेसारखे उघडे पडते. बँकेतून आणलेल्या, प्रत्येकी 50 नाण्यांच्या दहा रोलमधील (गुंडाळ्यांमधील), म्हणजे 500 नाण्यांमधील, एका सेंटने मला असेच बराच वेळ थांबवले होते. नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवल्यावर ती रेघ उठावाची नाही, हे स्पष्ट झाले. त्या रोलमध्ये खरे डबल डाय एकही निघाले नाही.

भिंगातील दिवा मात्र मी बंदच ठेवते. तो चहूबाजूंनी प्रकाश टाकतो, त्यामुळे पायरीची सावली पुसली जाते आणि सपाट काय, गोलसर काय, हे कळत नाही. बाजूने पडणारा टेबलदिव्याचा प्रकाशच उपयोगी पडतो. दुसरा दोष असा, की घडीची खीळ आता सैल झाली आहे आणि तिथे स्क्रू नसल्याने ती घरी घट्ट करता येत नाही.