'पोलीस स्पेशल' टॉर्च विकणाऱ्यापासून सावध

पोलिसालाच टोपी घातली म्हटलं की लोक आधी हसतात. त्या विक्रेत्याचा अख्खा धंदा या हसण्यावर चालतो. दोन हजारांच्या टॉर्चसाठी कुठला हवालदार स्वतःच्याच ठाण्यात फिर्यादी म्हणून उभा राहणार? हे त्याने आधीच हेरलेलं असतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मी सोलापूर जिल्ह्यात नोकरीला आहे. रात्रपाळीची हजेरी संपत आली आणि तो ठाण्याच्या आवारात आला. मोटारसायकलला दोन्ही अंगाला पिशव्या. त्यात बेल्ट, शिट्टीच्या दोऱ्या, बुटाचं पॉलिश आणि टॉर्च. असे फिरते विक्रेते ठाण्यात, मुख्यालयात नेहमी येतात, त्यात वावगं काही नाही. वारीचा बंदोबस्त तोंडावर आलेला. आमच्याकडची सरकारी टॉर्च गस्तीच्या गाडीत असते, बाकीच्यांनी आपापली सोय बघायची. त्याने हातातली टॉर्च लांबच्या पाण्याच्या टाकीवर मारली आणि टाकीवरचं ग्रामपंचायतीचं नाव आम्ही इथून वाचलं. "साहेब, पोलीस स्पेशल आहे. बाहेर बावीसशे, वर्दीला अठराशे." शिवाय पक्कं बिल. दहा-बारा जणांनी घेतली.

नमुन्याची टॉर्च खरोखरच चांगली होती, खोच तिथेच आहे. आमच्या हातात पडली ती सीलबंद खोक्यातली. बाहेरून हुबेहूब तीच, आत भलताच सेल.

त्याच आठवड्यात महामार्गावर रात्री अपघात झाला. पंचनाम्यासाठी टायर घासल्याच्या खुणा मोजत होतो, भुरभुर पाऊस. दहा-पंधरा मिनिटांत प्रकाश निम्म्यावर आला. बंद करून पुन्हा लावावी म्हणून बटण दाबलं तर लुकलुकायला लागली. पुन्हा दाबलं तर एसओएसचे, म्हणजे संकटाच्या इशाऱ्याचे, झटके. मागून ट्रक येतायत आणि हातात ही जत्रेतली रोषणाई. शेवटी अॅम्ब्युलन्सच्या चालकाने मोबाइलचा लाइट धरला तेव्हा टेप दिसली.

दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं. खोक्यावर आयपी68 (धूळ-पाणी आत शिरत नाही असा दर्जा) छापलेलं, आणि झाकणाच्या आट्यांवर पाणी अडवणारी रबरी रिंगच नाही. आतला सेल 18650, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. त्यावर छापलंय 9900 एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप). या मापाचा नामांकित कंपन्यांचा उत्तम सेल साधारण 3500 एमएएचचा असतो, अगदी अलीकडचे 4000 च्या आसपास जातात. 9900 हा आकडा या मापात बसतच नाही. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला तर 27 ग्रॅम. चांगला 18650 पंचेचाळीसच्या पुढे भरतो. एका सहकाऱ्याचा सेल वजनाला बरोबर होता, पण वरचं प्लॅस्टिक सरकवलं तर तळाला वेल्डिंगचे ठिपके निघाले. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून उपटून नवा कोट चढवलेला माल. (सेल कापून बघण्याच्या फंदात मात्र कुणी पडू नका. लिथियम आहे, पेट घेतो.)

आता खोक्यावरच्या 90,000 ल्युमेनचं बघू. ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप. गाडीच्या एच-4 हॅलोजन बल्बचा अप्पर साधारण 1650 ल्युमेन असतो. म्हणजे अशा पन्नासपेक्षा जास्त बल्बचे अप्पर आमच्या मुठीत! चांगला एलईडी एका वॅटला 100 ल्युमेनच्या आसपास देतो, म्हणजे त्याला 900 वॅट लागणार. आणि अस्सल 18650 मध्ये साठते जेमतेम 12-13 वॅट-तास वीज. मिनिटभरात सेल रिकामा, तोही तोपर्यंत फुटला नाही तर.

चार्जिंगची तऱ्हाही सांगतो. टाइप-सीचं भोक आहे, पण दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली की ढिम्म चार्ज होत नाही. जुनी चपटी पिन असलेली वायरच चालते. आतला एक किरकोळ रेझिस्टर वाचवलेला असतो, त्याचा हा परिणाम. जिथे तेवढ्या पैशांची काटकसर केली, तिथे सेल भरल्यावर वीज तोडणारं सर्किट धड असेल, यावर माझा भरवसा नाही. रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका.

घ्यायचीच असेल तर खोक्यावर एएनएसआय एफएल-1 (टॉर्च तपासायचं अमेरिकी मानक) च्या मोजणीने दिलेले आकडे शोधा. त्यात ल्युमेनसोबत अंतर आणि चालण्याचा वेळही छापलेला असतो. त्यातही मेख आहे: प्रकाश सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा काळ 'चालण्याचा वेळ' धरतात, त्यामुळे पाच तास लिहिलंय म्हणून पाच तास झगझगाट मिळत नाही. आमच्या कामाला खरे 1000 ल्युमेन भरपूर. उसाच्या फडात कुणी शिरला तर त्याहून जास्त प्रकाश जवळच्या पाचटावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. बटण मागच्या टोकाला असावं आणि तेच बटण पुन्हा पुन्हा दाबल्यावर लुकलुक लागू नये. नाकाबंदीत चालकाच्या तोंडावर ती चालू झाली तर बिचारा ब्रेक मारायचा विसरेल. सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपवर टाकून बघता येतो. आमच्या सेलवर तो नव्हताच.

बिलाची गोष्ट तर कळस आहे. जीएसटी क्रमांक 15 अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. या पठ्ठ्याचा 27 ने सुरू होऊन चौदावरच संपला. फोन अर्थातच बंद.

सहकारी म्हणत होते, "जाऊ द्या ना हवालदार, पेपरात यायचं." मी ऐकलं नाही. पूर्वीचं 420 म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं 318(4), आणि फिर्यादी वर्दीतला असला म्हणून कलम बदलत नाही. तक्रार दिली आहे. शेजारच्या तालुक्यात होमगार्ड आणि वनरक्षकांना अशीच टॉर्च विकल्याचं त्यानंतर कानावर आलं. तुमच्याकडे असा माल आला असेल तर खोकं, बिल, सेल काहीही फेकू नका आणि जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. ऑनलाइन घेतली असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ग्राहक आयोगात जायचं झालं तर 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.