आजोबांचे दप्तर ग्रंथालयाच्या स्वाधीन: दीड वर्षानंतरचा अभिप्राय

आमचे आजोबा कथा लिहीत. त्यांच्या मागे राहिलेले कागद माळवदाच्या घरात पत्र्याच्या दोन पेट्यांत पडून होते: कथांचे खर्डे, संपादकांची पत्रे, पणजोबांच्या मोडीतील हिशेबवह्या आणि निजामाच्या राज्यातील काही उर्दू दस्तऐवज. एका पावसाळ्यात माळवद गळले, गठ्ठ्याला वाळवी लागली, तेव्हा पहिली पेटी आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका जुन्या ग्रंथालयाच्या दुर्मिळ संग्रह विभागाकडे सोपवली.

कागदांची निगा राखण्यात हा विभाग उत्तम आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. आमच्या घरची कसर त्यांच्या पोथ्यांना लागू नये म्हणून पेटी काही आठवडे वेगळी ठेवण्यात आली. मग गंजलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, धूळ मऊ ब्रशने झाडली आणि फाटक्या पानांना गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावला. मी भाबडेपणाने लॅमिनेशन सुचवले होते. प्लास्टिक एकदा चिकटले की सुटत नाही आणि कागदातील आम्ल आतच राहून तो ठिसूळ होत जातो, असे सांगून ग्रंथपालबाईंनी ते साफ नाकारले. (आजोबांनी स्वतः लावलेल्या चिकटपट्ट्यांचे तपकिरी डाग मात्र आता जाणार नाहीत.) पत्राचा कागद आमचा असला तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, हेही त्यांनीच समजावले.

तक्रार आहे ती यादीविषयी. आजोबा प्रत्येक कथेचा खर्डा आणि तिच्यासंबंधीची पत्रे एकाच रुमालात बांधत. ग्रंथालयाने सारे रुमाल सोडून पत्रे एका खोक्यात आणि खर्डे दुसऱ्यात लावले, त्यामुळे कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या कथेचा शेवट बदलला, हा धागाच तुटला. उर्दू कागदांची गत आणखी वेगळी. त्यांवरील साल 'फसली', म्हणजे निजामाच्या राज्यातील महसुली कालगणनेचे आहे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३५२ फसली हे १९४२-४३ होय. यादीत मात्र तो कागद थेट 'इ. स. १३५२' असा नोंदला गेला आणि आमच्या पणजोबांची शेतसाऱ्याची पावती बहमनी काळात जाऊन बसली! सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे निजामाचे राज्य असेपर्यंत, इथला राज्यकारभार उर्दूत चालत होता. मराठवाड्यातील जुन्या घरांचे कागद स्वीकारणाऱ्या विभागात उर्दू आणि मोडी वाचणारा एक तरी माणूस हवाच.

लेखी कळवल्यावर सालाची चूक आठवड्यात दुरुस्त झाली. रुमालांचा क्रम मी आठवेल तसा लिहून दिला आहे, पण सात-आठ पत्रे कोणत्या कथेची, हे मलाही सांगता आले नाही. दुसरी पेटी याच ग्रंथालयाला द्यायची आहे. मात्र तिच्यातील प्रत्येक रुमालाला क्रमांक घालून, न सोडता छायाचित्र काढून आणि दोन प्रतींतील यादीवर पोच घेऊनच ती घराबाहेर जाईल.