विट्याहून जैसलमेर: उदयपूरवरून जावं की कच्छवरून?

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात बहुतेक प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात आहे. सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन आमची माणसं देशभर पसरली. त्यामुळं राजस्थानची सहल म्हटली की आधी कुणाच्या तरी घरी मुक्काम ठरतो आणि मग बाकीचं. आमचे दाजी जोधपूरला आहेत. त्यांच्या निमित्तानं मी स्वतःची गाडी घेऊन दोनदा जैसलमेरपर्यंत जाऊन आलो. पहिल्यांदा आई, वडील आणि मुलांसोबत उदयपूर-जोधपूरवरून, दुसऱ्यांदा बायको आणि थोरल्या मुलाला घेऊन कच्छ-बाडमेरवरून. या हिवाळ्यात निघायच्या तयारीत असलेले तीन-चार जण सध्या भेटले की एकच विचारतात, कुठला रस्ता धरू?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. सोबत वयस्कर माणसं नसतील आणि बारा दिवसांची रजा मिळत असेल, तर कच्छवरून जा. उदयपूरचा रस्ता सुंदर आहे, पण त्यावर तळी, डोंगर, देवळं, किल्ले बघता बघता वाळवंट शेवटच्या दिवशी गाठ पडतं. कच्छच्या वाटेवर अहमदाबाद सोडलं की दुपारपासूनच माळ रिकामा व्हायला लागतो आणि मग चार-पाच दिवस तुम्ही त्या रिकामपणातच असता. आधी मिठाचं वाळवंट, मग खडकाळ, मग वाळूचं. असा क्रम दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं मिळत नाही.

अहमदाबादपर्यंत दोन्ही वाटा एकच. कराडला ज्या ४८ नंबरच्या महामार्गावर आपण चढतो, तोच पुणे, मुंबई, सुरत, अहमदाबाद, उदयपूर करत दिल्लीला जातो. विट्याहून अहमदाबाद साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात गाठायचा हट्ट नको. वापीला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी दुपारी अहमदाबाद येतं. तिथून पुढं अंतराचा फरक पडतो. उदयपूर, जोधपूर करत जैसलमेर साधारण ८०० किलोमीटर. भूज, धोलावीरा, बाडमेर करत जवळजवळ ११००. नकाशा मात्र तुम्हाला तिसराच रस्ता दाखवेल: सांचोर, बाडमेर, साडेपाचशे किलोमीटर. तो परतीसाठी राखून ठेवा.

उदयपूरच्या वाटेचं बलस्थान म्हणजे मुक्काम. दर अडीच-तीनशे किलोमीटरवर मोठं शहर, चांगली हॉटेलं, दवाखाने, स्वच्छ संडास. साठी उलटलेल्या माणसांना घेऊन निघालेल्याला हे सगळ्यात आधी बघावं लागतं. उदयपूरहून जोधपूरला जाताना सरळ हमरस्ता सोडून राणकपूरच्या घाटातून जा. अरवलीची झाडी, वळणं, माकडं; आपल्याकडच्या कुंभार्ली घाटाची आठवण येते, फक्त हिरवा रंग जरा सुकलेला. राणकपूरचं जैन मंदिर पंधराव्या शतकातलं, संगमरवरी, १४४४ खांबांचं. आईनं खांब मोजायला सुरुवात केली आणि चाळिशीच्या पुढं एका खांबाला पाठ टेकून बसली ती तासभर. उठवायचं धाडस कुणी केलं नाही. त्या दिवशीचं कुंभलगड राहून गेलं, त्याची मला आजही खंत नाही.

या वाटेवर एक गोष्ट मात्र चुकवू नका. जोधपूरहून जैसलमेरला सगळे पोखरणच्या सरळ रस्त्यानं जातात. तुम्ही फलोदीवरून जा, अंतर फार वाढत नाही. फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. तिथं हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे येतात, तिकडं त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालतात. पण पाखरं दाण्यावर उतरतात सकाळी, म्हणून आदल्या रात्री फलोदीत राहायला हवं किंवा जोधपूर पहाटे पाचच्या आत सोडायला हवं. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा आधी आवाज आला, पक्षी नंतर दिसले. घशातून काढलेला, तुतारी लांबून ऐकावी तसा. वडील सगळा वेळ हात जोडून उभे होते.

आता कच्छ. अहमदाबादहून विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया असा रस्ता आहे. माळियाच्या पुढं सुरजबारीचा पूल लागतो आणि दोन्ही बाजूंना मिठागरं सुरू होतात. उसाच्या मोसमात कारखान्याच्या आवारात जशा ट्रॉल्यांच्या रांगा, तसे इथं मिठाचे ढीग. रस्त्याकडेला वेडी बाभूळ दाटलेली, अगदी आपल्या येरळा नदीच्या काठासारखी. गुजराती लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. दोन्ही मुलखांनी त्या झाडाला एकच नाव ठेवलं, कारण दोघांचीही गायरानं तिनं खाल्ली.

भूजला दोन रात्री काढा. २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपानंतर उभं राहिलेलं हे शहर नीट बघण्यासारखं आहे आणि पुढच्या दिवसांची तयारीही इथंच होते. धोरडोच्या पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो. ओळखपत्र मूळ प्रतीचंच जवळ ठेवा, सरहद्दीचा मुलूख आहे. गाडीची टाकी इथंच पूर्ण भरून घ्या.

रणाच्या बाबतीत तारीख महत्त्वाची, आणि इथंच आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. शाळेला सुट्टी दिवाळीत म्हणून लोक दिवाळीत जातात. पावसाळ्यात रण पाण्याखाली असतं, आणि पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीलाही पाणी पुरतं आटलेलं नसतं. पाणी ओसरतं तसं मीठ धरतं. पांढरंशुभ्र रण बघायचं तर जानेवारी, फार तर फेब्रुवारी. अर्थात पाणी असतानाही खावडा-धोलावीरा रस्त्यावरून जाणं मोठी गोष्ट आहे, दोन्ही बाजूंना आरसा आणि नशिबात असतील तर रोहित पक्षी.

हा खावडा-धोलावीरा रस्ता म्हणजे या सगळ्या प्रवासाचा गाभा. साधारण तीस किलोमीटर सरळ रेषेत, दोन्ही अंगांना रण. पूर्वी भूजहून धोलावीराला भचाऊ-रापरवरून दोनशेवर किलोमीटरचा वळसा घालावा लागायचा, आता दीडशेच्या आत काम होतं. आमची गाडी नेमकी याच रस्त्याच्या मध्यावर पंक्चर झाली. स्टेपनीत हवा कमी होती. निघताना कराडला चार चाकं तपासली, पाचवं तपासलंच नव्हतं. मी जॅक लावेपर्यंत मुलगा खाली रणात उतरला. मिठाचा थर वाळवणातल्या पापडासारखा, कडा उचललेल्या, पायाखाली करकर वाजणारा. त्यानं टाच जरा दाबली आणि खालून काळा, ओला चिखल वर आला. वर कोरडं, आत ओलं. त्याक्षणी त्याला कळलं की ही जमीन समुद्राची आहे. अर्ध्या तासानं सोलर प्रकल्पाच्या कामावरचा एक टेम्पोवाला थांबला, त्याच्याकडच्या पंपानं हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी हवेचा छोटा पंप गाडीतच ठेवतो. तुम्हीही ठेवा. त्या रस्त्यावर टायरवाला नाही.

धोलावीरा खडीर बेटावर आहे. हडप्पाकालीन शहर, २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली इथं मोठं उत्खनन झालं. नुसते दगड बघायचे कशाला, असं वाटणाऱ्यांनी तिथले पाण्याचे हौद बघावेत. मनसर आणि मनहर हे दोन ओढे, तेही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्यांच्यावर बांध घालून पाणी वळवलं आणि शहराभोवती खडकात खोदलेल्या प्रचंड हौदांत साठवलं. टेंभू योजनेचं पाणी येईपर्यंत टँकरच्या रांगेत उभा राहिलेला माणूस त्या हौदाच्या पायऱ्यांवर उभा राहिला की त्याला गाइडची गरज लागत नाही. आम्ही तिथं तीन तास होतो.

या वाटेवरचा कठीण दिवस त्यानंतरचा. धोलावीरा ते बाडमेर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास: रापर, राधनपूर, सांचोर करत. जेवणाची ठिकाणं कमी, निवास साधे, आणि बायकांसाठी स्वच्छतागृहांची अडचण खरोखर मोठी आहे. ही गोष्ट घरात आधी बोलून घ्या. सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नका. गाई, नीलगाई, उंट रस्त्यावर येऊन बसतात. सांचोर आणि बाडमेरच्या मध्ये गांधवला लूणी नदीवरचा पूल लागतो, तिथं दोन मिनिटं थांबा. ही नदी अजमेरकडं उगम पावते, बालोतऱ्यापर्यंत गोड असते, पुढं खारट होत जाते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात जिरून जाते. उदयपूरवरून गेलात तरी जोधपूरच्या अलीकडं हीच नदी ओलांडता, पण तिचा शेवट आधी बघून आलेल्या माणसाला ती वेगळी दिसते.

बाडमेर-जैसलमेर हे दीडशे किलोमीटर मला सगळ्यांत जास्त आवडले. वाटेत खेजडीची एकेकटी झाडं. खेजडी म्हणजे आपली शमी. शेळ्या-उंटांनी खालचा पाला खाऊन सगळ्या झाडांची खालची कड एका उंचीवर कापल्यासारखी झालेली. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी आणि बाजरीची भाकरी ढाब्यावर मिळते. भाकरी आपल्यापेक्षा जाड, पण चवीला घरचीच. जैसलमेरच्या अलीकडं सतराएक किलोमीटरवर आकलचं जीवाश्म उद्यान आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथं जाळी आणि पत्र्याखाली राखून ठेवलेत. ओसाड माळावर एवढाल्या झाडांचे बुंधे आडवे पडलेले बघून मुलगा गाडीत परत येईपर्यंत बोलला नाही.

जैसलमेरला पोचल्यावर दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. ११५६ सालचा किल्ला, ज्यात आजही लोक राहतात, तो दोघांनाही दिसणार. वाळूच्या टेकड्यांसाठी सम गावाची गर्दी टाळून खुडी गावाला जा. आणि सोलापूरच्या नान्नजला माळढोक बघायला जाऊन हात हलवत परत आलेले कुणी असतील, त्यांनी एक सकाळ डेझर्ट नॅशनल पार्कसाठी ठेवावी. त्या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, म्हणून तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. वनकुसवड्याच्या पठारासारख्याच पवनचक्क्या तिथंही क्षितिजभर आहेत. त्या बघताना मन दोन्हीकडं ओढलं जातं.

परतीला सांचोरवरून सरळ अहमदाबाद गाठा. जैसलमेर ते विटा चौदाशे किलोमीटरच्या घरात, तीन दिवसांत आरामात. दाजींकडं थांबायचं असेल तर जोधपूरहून निघून अमृतसर-जामनगर महामार्गाचा सांचोरपर्यंतचा भाग धरता येतो. राजस्थानातला हा टप्पा जुलै २०२३ मध्ये खुला झाला. गाडी पळते, डोळ्यांना काही मिळत नाही.

थंडीचं एक लक्षात ठेवा. डिसेंबरअखेर जैसलमेरला सूर्य उगवायला सव्वासात वाजून जातात, म्हणून विट्याच्या सवयीनं पाच वाजता निघालात तर दोन तास अंधारात गाडी चालवाल. उन्हाळ्यात मात्र दोन्ही वाटा सोडून द्या. याच फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली होती.

उरला प्रश्न वयस्कर माणसांचा. आईला मी रणाचे फोटो दाखवले तेव्हा ती म्हणाली, “मला ते मीठ पायाखाली वाजतंय का बघायचंय.” बाडमेरपर्यंतची दगदग तिला झेपणार नाही. म्हणून येत्या जानेवारीत पौर्णिमा धरून फक्त भूज आणि धोरडो करायचं ठरवलंय. भूजहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, रस्ता चांगला, रात्री मुक्कामाला परत भूज. जैसलमेर त्या फेरीत नाही.