'प्लॅनेटेरियम': काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

गायक सुफियान स्टीव्हन्स, ब्राइस डेस्नर, निको म्यूली आणि जेम्स मॅकॲलिस्टर या चौघा संगीतकारांचा सूर्यमालेवरचा हा अल्बम जून २०१७ मध्ये फोरएडी या रेकॉर्ड कंपनीने काढला. मूळ काम त्याच्या पाच वर्षं आधीचं. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला ते पहिल्यांदा मंचावर झालं, तेव्हा चौघांच्या जोडीला स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यं) आणि तब्बल सात ट्रॉम्बोन (सरकत्या नळीची पितळी वाद्यं) होते. पुढे स्टुडिओत त्यावर सिंथ (सिंथेसायझर) आणि बीट्सचे थर चढले. सतरा ट्रॅक, साधारण ७६ मिनिटं.

पहिल्या ऐकण्यात विस्कळीत वाटला तर अल्बमला नावं ठेवण्याआधी ॲपची सेटिंग बघा. शफल बंद आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक पुढच्यात मिसळणं) शून्यावर हवा. 'हॅलीज कॉमेट' आणि 'ब्लॅक होल' हे ट्रॅक जेमतेम अर्ध्या मिनिटाचे आहेत. स्पॉटिफायवर क्रॉसफेड १२ सेकंदांपर्यंत नेता येतो. तेवढा ठेवलात, तर दोन्ही टोकांचे मिळून २४ सेकंद शेजारच्या ट्रॅकमध्ये मिसळतात आणि मोकळे उरतात फक्त सहा. दुसरी गोष्ट नॉर्मलायझेशन, म्हणजे ॲपने आवाजाची पातळी आपोआप जुळवणं. अल्बम ओळीने लावला तर स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकाच मापाने वरखाली करतं, त्यामुळे हळू ते हळू आणि मोठं ते मोठं राहतं. शफलमध्ये किंवा मिश्र प्लेलिस्टमध्ये मात्र प्रत्येक ट्रॅकला वेगळं माप लागतं. मग 'सन'सारखा शांत तुकडा उगाच वर ओढला जातो आणि 'सॅटर्न'ची सगळी ताकद जाते. एमपीथ्री फाइल्स असतील तर गॅपलेस (मध्ये खंड न पडता) चालतं का, तेही पाहा. एन्कोडिंग करताना दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. प्लेअरने ती कापली नाही, तर लांबणाऱ्या सुरांच्या मध्येच बारीक खाच ऐकू येते. फ्लॅक या फाइल प्रकारात ही भानगड नाही.

आवाज किती ठेवायचा? 'सॅटर्न'चा बीट लावून जेवढा सहज सोसवेल तेवढा ठरवा आणि मग पहिल्या ट्रॅककडे जा. 'नेपच्यून' फार हळू वाटेल, पण बटणाला हात लावू नका.

खरी गंमत ट्रॉम्बोनमध्ये आहे आणि नेमकी तीच छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर हरवते. टेनर ट्रॉम्बोनचा नेहमीचा सर्वात खालचा सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो, त्याहून खालचे पेडल सूर ५८ पासून आणखी खाली उतरतात. तळहाताएवढे स्पीकर तिथे दमतात, मग वरचा पितळी कर्कशपणा तेवढा कानावर येतो आणि लोक म्हणतात, 'फार गोंगाट आहे.' 'ज्युपिटर' आधी अशा स्पीकरवर आणि मग चांगल्या हेडफोनवर ऐका. हेडफोनवर सात जणांचा तो एकत्र श्वास पायाखालून येतो. बास बूस्ट मात्र नको, त्याने ट्रॉम्बोन आणि सिंथ बास यांचा लगदा होतो. लोकलमध्ये किंवा गाडीत ऐकायचा हा अल्बम नाही. चाकांचा खडखडाट याच पट्ट्यातला असल्याने 'टाइड्स' आणि 'सन' अक्षरशः गायब होतात.

नावं ठेवायला जागा आहेच. स्टीव्हन्सचा आवाज इतक्या ठिकाणी व्होकोडर आणि ऑटोट्यून या आवाज बदलणाऱ्या साधनांमधून काढलाय की शब्द लागत नाहीत. 'मार्स'मध्ये तो यांत्रिकपणा शोभतो, 'व्हीनस'मध्ये नाही. शब्द समोर ठेवूनच ऐकावं. 'कायपर बेल्ट'च्या आसपास अल्बम थोडा सैल पडतो, तो सैलपणा महिन्यांनंतरही तसाच जाणवतो.

क्रमाचं मोल मात्र ऐकत गेलं तसं वाढत गेलं. सुरुवात सूर्यापासून सर्वात दूरच्या नेपच्यूनने, शेवट सर्वात जवळच्या बुधाने ('मर्क्युरी'), आणि सूर्य स्वतः आठवा, जवळपास मध्यावर. इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंद-रचनेचा (१९१४ ते १९१७) शेवट नेपच्यूनवर होतो, पडद्याआडच्या स्त्रियांच्या कोरसचे सूर विरत जातात. त्या सात ग्रहांत पृथ्वी नव्हती आणि प्लूटोचा शोध लागला १९३० मध्ये. इथे दोन्ही आहेत, प्लूटोचं ग्रहपद २००६ मध्ये गेलेलं असूनही. मला हा निर्णय पूर्ण पटतो.

'सॅटर्न' म्हणजे शनी. आपल्याकडे शनी म्हटलं की साडेसाती आठवते, संथ आणि जड काहीतरी अपेक्षित असतं. होल्स्टचा शनीही म्हातारपण घेऊन येणारा. इथे मात्र पोरांना गिळणाऱ्या रोमन देवाची गोष्ट नाचायला लावणाऱ्या बीटवर येते. नवख्याला ऐकवायला हाच ट्रॅक घ्या.

'अर्थ'पासून (पृथ्वी) कधीच सुरुवात करू नका. पंधरा मिनिटांहून जरा जास्तच आहे. आधी नुसतं तरंगणं, मग गाणं, पुढे बीट. सुरुवातीचा तरंगता भाग पुढे ढकलला तर नंतरचा बीट कशामुळे इतका मोकळा वाटतो ते कळतच नाही. आणि त्या सगळ्या थरांनंतर लगेच 'मर्क्युरी'चा साधा पियानो आला की, एकटा वाजवल्यावर होतो त्याच्या कितीतरी पट परिणाम होतो. या अल्बमवर माझं प्रेम बसलं ते या जोडावर.

व्हायनिल घ्यायचं तर तो दोन तबकड्यांचा संच आहे. ७६ मिनिटं चार बाजूंवर, म्हणजे सरासरी १९ मिनिटांना एक बाजू आणि मध्ये तीनदा उठणं. शांत भागांत धुळीची कडकड उघडी पडते, म्हणून दर बाजूआधी कार्बन ब्रश फिरवा. सलग ऐकायला डिजिटलच बरं.