स्टेशन बंद झालं, आता माइक कुठे मांडायचा?

९ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी बेल मीडिया कंपनीने कॅनडातल्या व्हँकुव्हरचं टीएसएन १०४० हे क्रीडा रेडिओ स्टेशन बंद केलं. विनिपेग आणि हॅमिल्टनमधली त्याची भावंडंही त्याच दिवशी गेली. १०४० वर मग विनोदी कार्यक्रम लागू लागले. पण तिथल्या निवेदकांनी त्याच वर्षात तीन वेगळ्या वाटा धरल्या. तुमच्यावर ही वेळ आली असेल, तर त्या शेजारी शेजारी मांडून बघा.

माइक हॅलफर्ड आणि जेसन ब्रफ ही सकाळची जोडी प्रतिस्पर्धी स्पोर्ट्सनेट ६५० वर गेली. डॉन टेलर आणि रिक धालीवाल यांनी चेक (CHEK) या टीव्ही वाहिनीवर नवा कार्यक्रम सुरू केला. ही वाहिनी २००९ पासून कर्मचाऱ्यांच्याच मालकीची आहे. मॅट सेकेरस आणि ब्लेक प्राइस यांनी कोणाच्याच दारात न जाता आपला कार्यक्रम स्वतःच इंटरनेटवर आणला.

प्रतिस्पर्धी स्टेशन ही सगळ्यात सोपी वाट. पगार ठरलेल्या तारखेला, जाहिराती आणायला वेगळी माणसं, गाडीत बसल्या बसल्या ऐकणारा श्रोता आयता. ६५० कडे तर २०१७ पासून कॅनक्स या हॉकी संघाच्या सामन्यांचे प्रसारण हक्कही होते. मात्र शहरात दोनाचं एकच स्टेशन उरलं, की तुमची किंमत वाढवायला समोर कोणी नसतं. शिवाय जागा मोजक्या, आणि धोका तोच. जून २०२३ मध्ये बेलने आणखी सहा एएम स्टेशनं बंद केली. त्यांत एडमंटनचं टीएसएन १२६० होतं, आणि विनोदी झालेलं १०४० सुद्धा!

स्वतःचा कार्यक्रम काढणाऱ्याला सगळे विचारतात, ‘श्रोते येतील का?’ माझ्या मते प्रश्न चुकीचा आहे. जाहिरातदार येतील का, हे विचारा. क्रीडा रेडिओवर बऱ्याच जाहिराती निवेदक स्वतःच्या तोंडाने वाचतो. वर्षानुवर्षं तुमच्या आवाजात आपल्या दुकानाचं नाव ऐकलेला मालक स्टेशनचा नसतो, तुमचा असतो. पण फोनवर ‘आम्ही आहोत तुमच्यासोबत’ म्हणणं वेगळं आणि सही करणं वेगळं. पहिल्या पंधरा दिवसांत लेखी होकार किती मिळाले, एवढंच मोजा. त्यावर दोघांचं घर चालत नसेल, तर थांबा. बिलं पाठवणं, थकबाकीसाठी फोन करणं, संकलन, हिशेब, सगळं तुमच्याच गळ्यात पडतं; आजारी पडलात तर त्या दिवशी कार्यक्रमच नाही. आणि रेडिओ आपोआप कानावर पडतो, पॉडकास्ट मात्र शोधून लावावा लागतो, त्यामुळे सवयीने ऐकणारे काहीजण गळणारच.

मधली वाट, म्हणजे दुसऱ्या माध्यमसंस्थेच्या छपराखाली कार्यक्रम, मला सगळ्यात कमी चर्चिली गेलेली वाटते. कॅमेऱ्यासमोर बसायची तयारी हवी. खरी घासाघीस पगारावर नको, मालकीवर करा: कार्यक्रमाचं नाव कोणाचं, यूट्यूब चॅनल कोणाच्या खात्यावर, जुने भाग कोणाकडे? ही उत्तरं तुमच्या बाजूची असतील, तर पुढे हेही छप्पर उडालं तरी श्रोते तुमच्याबरोबर येतील.

यांपैकी काहीही ठरवण्याआधी जुना करार काढा. प्रतिस्पर्ध्याकडे जायला मनाई करणारं कलम आहे का? कॅलिफोर्नियात असं कलम सहसा चालत नाही; कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २५ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या बहुतेक करारांत त्याला बंदी आहे, पण तो प्रांताचा कायदा आहे आणि रेडिओ केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो, म्हणून त्यावर विसंबू नका. कॅलिफोर्निया सोडून सगळीकडे वकील गाठा. नोकरी गेल्याच्या भरपाईच्या कागदावर सही करण्याआधी, तिच्याआडून तेच कलम परत येत नाही ना, हेही बघा.

आता माझं मत. जोडी जमलेली असेल, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेचा कार्यक्रम असेल आणि जाहिरातदार नावाने ओळखत असतील, तर स्वतःचा संसार थाटा. ओळख आहे पण धंद्याचा कंटाळा आहे, त्यांनी मधली वाट घ्यावी. रात्रीचा एकटा निवेदक, बातम्या वाचणारा किंवा निर्माता असाल, तर प्रतिस्पर्धी स्टेशनला आजच फोन करा. तिथल्या एक-दोन जागांसाठी तुमचेच सहकारी रांगेत असतील.