बॉल पायथनची पीव्हीसी पेटी: शिकागोचा हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. समोर सरकत्या काचा, बाकी सगळं पीव्हीसी. आमची गुंडी, बॉल पायथन जातीची पूर्ण वाढलेली पाळीव सापीण, सप्टेंबरपासून या पेटीत राहते आहे. आता मे लागला आणि घरातलं हीटिंग बंद झालं, तेव्हा पेटीबद्दल लिहायला हरकत नाही.

हीटिंगचा उल्लेख मुद्दाम केला. शिकागोच्या आसपास जानेवारीत हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात. बॉल पायथनला मात्र साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते. घाना, टोगो, बेनिन या भागातला हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात पडून असतो, म्हणून आपल्यालाही त्याला एक ऊबदार, दमट बीळच करून द्यायचं असतं. पीव्हीसीची पेटी इथेच उपयोगी पडते. माझ्या एका मित्राकडे जाळीच्या झाकणाची काचेची टाकी आहे. अर्ध्या जाळीवर फॉइल लावूनही थंडीत त्याला रोज पाणी घालावं लागायचं. माझं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, भागलं.

पाणी वरून फवारत नाही, कोपऱ्यांत ओतते. खाली चार इंच जाडीचा थर आहे: नारळाचा भुसा, खत न घातलेली साधी माती आणि सायप्रस झाडाच्या सालीचा चुरा. पाणी तळाशी मुरतं आणि वरचा थर कोरडा राहतो. वरचा थर सतत ओला राहिला तर सापाच्या पोटाकडचे खवले सडतात, म्हणून हात घालून बघायची सवय ठेवावी: वर कोरडं, बोटभर खाली गार आणि ओलसर.

याचा परिणाम कात टाकताना दिसतो. फेब्रुवारीत गुंडीचे डोळे दुधाळ निळे झाले, मग निवळले आणि काही दिवसांनी सकाळी कॉर्कच्या सालीशेजारी अख्खी कात उलटी होऊन पडलेली होती, पायातून ओढून काढलेल्या मोज्यासारखी. मी ती खिडकीशी धरून नीट पाहिली. डोळ्यांवरच्या दोन्ही चकत्या जागेवर, शेपटीचं टोकही निघालेलं. ऐन थंडीत एवढी स्वच्छ कात निघाली, याचा मला फार आनंद झाला.

उष्णतेसाठी दिवसा हॅलोजन आणि रात्री उजेड न देणारा डीप हीट प्रोजेक्टर. दोन्ही डिमर थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान पाहून वीज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, आहेत. दिव्याखालचा दगडी पृष्ठभाग ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५-२६. लाल बल्ब आणि गरम होणारे दगड आणूच नयेत. त्या दगडांवर साप भाजल्याची उदाहरणं कमी नाहीत. दिवे पेटीच्या आत बसतात, म्हणून त्यांना तारेची जाळी हवीच, नाहीतर साप सरळ दिव्याला वेटोळं घालतो. कंपनीने पेटीसोबत जाळी दिली नाही आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. हे मला अजिबात पटलं नाही.

थर्मोस्टॅटचा सेन्सर क्लिपने घट्ट बसवा. सापाने तो ढकलून थंड बाजूला नेला तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि दिवा तापतच राहतो. चिकटपट्टी मात्र आत कुठेच वापरू नका. ती खवल्यांना चिकटली तर सोडवताना कातडी निघते.

लपायला दोन सारख्याच गुहा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला, दोन्ही अंगाला भिडतील इतक्या लहान. एकच ठेवली तर साप हवं ते तापमान सोडून आडोसा धरून बसतो. मधल्या जागेत खोटी पानं आणि आडवी फांदी. बॉल पायथन चढत नाही असं पुष्कळ जण सांगतात, पण आमची गुंडी रात्री दिवे मालवले की त्या फांदीवर असते. दोन फूट उंची घेतल्याचं समाधान तिथे मिळतं.

तक्रारी आहेत. काचेच्या खाचेत भुसा जाऊन काच अडकते, दर आठवड्याला ब्रशने साफ करावी लागते. कुलूप वेगळं घ्यावं लागलं. सरकती काच साप नाकाने सहज ढकलतो, तेव्हा कुलपाशिवाय एक रात्रही नको. तळाच्या सांध्यांतून पाणी झिरपू नये म्हणून मत्स्यालयाचं सिलिकॉन भरावं लागलं. ते पूर्ण सुकून वास जाईपर्यंत सापाला आत सोडू नये.

पुण्या-मुंबईहून विचारणा होते म्हणून सांगते: बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी बाळगायला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आपला भारतीय अजगर घरी पाळणं हा तर गुन्हाच आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात प्रश्नही उलटा असेल, तिथे ओलावा टिकवण्यापेक्षा हवा खेळती ठेवण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागेल.

पैसे बेताचे असतील तर पेटी वापरलेली घ्या, नीट निर्जंतुक करून. थर्मोस्टॅट मात्र नवा आणि चांगल्यातलाच घ्या.